रेतीत मी मागे होतो

मगन,

तुझ्या घरी जायची मला भीती वाटते आहे. तुला हसू येईल. ज्या घरात मी न विचारता थेट चुलीपर्यंत जायचो, भाकरीच्या टोपलीवरचं फडकं स्वतःच्या हाताने उचलायचो, तुझ्या सुनेने चहाचं विचारायच्या आत कपबशी शोधून ठेवायचो, त्या घराच्या ओट्याला पाय लावायचा म्हटलं की आता छाती धडधडते. तू गेल्यापासून खांडबाऱ्याहून तुझ्याकडे यायला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा वाटेत धानोऱ्यालाच उतरलो. दुसऱ्या वेळी जीपवाल्याने विचारलं, "बाबा, तुमले जानं कथं शे नेमकं?" मी म्हणालो, "आठेच." धानोऱ्यात माझं कोणी नाही. उसाचा रस प्यालो आणि उलट्या गाडीने घरी आलो.

कारण कांताभाभी.

तुझ्या दिवसकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी जेवणं उरकली, सोयरे-धायरे आपापल्या गाड्यांना लागले, तेव्हा भाभीने मला मधल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. मला वाटलं, तुझ्या कपड्यांचं काही विचारायचं असेल. तो तुझा करड्या रंगाचा स्वेटर मलाच मिळावा असं माझ्या मनात होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण भाभी उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "नथूभाऊ, लढाईमा त्यासना हातथीन कोन मरनं?"

मग त्यांनीच सांगितलं.

लग्न झाल्यापासून तू झोपेत ओरडायचास, हे मला त्या दिवशी कळलं. रोज नाही, पण थंडीत जास्त, वारा सुटला की हमखास. उठून बसायचास, घामाने न्हायलेला, आणि म्हणायचास, "मरी गया, मन्हामुये मरी गया." भाभींनी सुरुवातीला विचारलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि मनाशी पक्कं केलं की तिकडे तुझ्या हातून एक माणूस मेला आहे. संसार झाला, लेकरं झाली, नातवंडं झाली, आणि भाभी एवढी वर्षं त्या माणसाला घाबरत जगल्या. मधलं लेकरू तापाने गेलं तेव्हा त्यांना वाटलं, त्यानेच नेलं. आणि आता तू झोपेत गेलास. शेवटचा जो शब्द त्यांनी ऐकला तो हाच. "मरी गया."

"आते त्यासलेबी त्यानीच नेलं," भाभी म्हणाल्या.

मी नेहमीच्या सवयीने तोंड उघडलं. "भाभी, आपल्या पलटणीने सबंध लढाईत एकच गोळी झाडली, ती मी झाडली, आणि ती..."

"हासाडू नका, भाऊ. तुम्ही हासाडतस तवय काही ना काही लपाडतस. बसीसन खरं सांगा. माले भ्याव लागस."

मी "येतो" म्हणालो आणि पळालो. स्वेटर राहिला.

म्हणजे बघ, माझी फजिती कशी आहे ती. जन्मभर मी स्वतःच्या गाढवपणाच्या गोष्टी सांगून लोकांना हसवलं. आता एक बाई मला खरं विचारते आहे आणि माझ्या तोंडून निघालेलं खरं तिला खरं वाटण्याची काही शक्यता नाही. आणि साक्षीदार एकच होता, तो तू.

तुला आठवतं, आपण त्या पलटणीत कसे गेलो? तू गेलास कारण तुला खरोखर जायचं होतं. मी गेलो फोटोसाठी. प्रादेशिक सेना म्हणजे वर्षातून एकदा शिबिर, बाकीचे दिवस ज्याचा त्याचा धंदा; पण वर्दी खरी, बिल्ला खरा. मला मुली बघायला सुरुवात झाली होती आणि सायकलच्या दुकानातल्या काळ्या हातांवर कोणी मुलगी देईना. वर्दीतला फोटो पाठवला की काम होईल असं मी धरून चाललो. नंदुरबारच्या स्टुडिओत फोटो काढला. टोपी एका मोठ्या डोक्याच्या गड्याकडून उसनी घेतलेली, ती भुवयांच्या खाली उतरली. मुलीच्या बापाने निरोप धाडला की पोरगा बरा आहे, पण डोळ्यांचं काय झालं ते आधी कळवा.

आपली कंपनी म्हणजे अर्धा बाजार होता. शिंपी, न्हावी, कंपाउंडर, दोन मास्तर, वरच्या डोंगरातले चार-पाच काटक गडी आणि तुझ्यासारखे तापीकाठचे शेतकरी. कायमच्या फौजेतले लोक आपल्याला 'संडे पलटण' म्हणायचे. बोलावणं आलं तेव्हा तुझ्या शेतात कापूस फुटला होता आणि माझ्या दुकानात एका मास्तरांची सायकल उलटी टांगलेली होती. ती सायकल लढाई संपेपर्यंत उलटीच राहिली. तुझे वडील स्टेशनवर सारखं म्हणत होते, ही तर हौसेची फौज, हिला लढाईवर कोण नेतं? गाडी सुटली तरी त्यांना ते पटलेलं नव्हतं. मला तर गाडी दोन स्टेशनं पुढे गेल्यावर पटलं.

लढाई एकाहत्तरची. आपण काय केलं तिच्यात? मालगाडीतून पेट्या उतरवल्या. पुलाखाली उभे राहिलो. मग पश्चिमेच्या रेताड मुलखात पाण्याच्या टाक्या राखायला नेलं. तिथे मी ती सुप्रसिद्ध गोळी झाडली. एक सावली हलली असं मला वाटलं. गोळी आपल्याच टाकीला लागली आणि पुढे किती तरी दिवस कंपनीतला प्रत्येक माणूस तहान लागली की माझं नाव घ्यायचा. हवालदाराने मला टाकीवरून काढलं आणि जिथे काही बिघडवण्यासारखं उरलेलं नाही अशा जागी नेऊन ठेवलं. सुरुंगाच्या पट्ट्याच्या कडेला. इंजिनियर लोकांनी जमिनीत सुरुंग पेरले होते, भोवती तार, तारेवर लाल तिकोनी पाट्या. आपलं काम एवढंच, की कोणाची शेळी-मेंढी, कोणी माणूस आत जाऊ नये.

आणि आत कोण गेलं, ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. ती गोष्ट मी लग्नांत सांगितली, मयतीच्या बैठकीत सांगितली, खांडबाऱ्याच्या फलाटावर उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट बघत सांगितली. नथू डबा घेऊन शौचाला गेला आणि सुरुंगात शिरला. बाकीचे गडी रांगेने उघड्यावर बसायचे, मला लाज. मी जरा आडोसा शोधत लांब गेलो. दोन दिवस वारा होता, रेतीने तार गाडून टाकली होती. आणि मी चाललो कसा, तर तू शिकवलं होतंस तसा. तुझ्या टरबुजाच्या वाडीत, तापीच्या पात्रात. तिथे पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे खाली घट्ट आहे की फसवं आहे ते वजन टाकायच्या आधी कळतं. सुरुंगात घासत चालणारा माणूस हिंदुस्थानात दुसरा झाला नसेल. इथे लोक हसतात. तूही हसायचास, मान खाली घालून.

पुढचं हसण्यासारखं नाही, म्हणून पुढचं मी घाईने सांगायचो. आज सावकाश सांगतो.

मला रेतीतून अर्धी वर राहिलेली एक पाटी दिसली. तिची कोरी बाजू माझ्याकडे होती. लाल बाजू तिकडे, आपल्या तंबूंकडे. ही कोरी पाठ मला का दिसते आहे, याचा विचार करायला मला जरा वेळ लागला. मग मी जागीच थांबलो. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला, जसं काही मी उडालोच तर त्यातल्या पाण्याने विझणार होतो.  ओरडलो तेव्हा तोंडून तुझं नाव निघालं. आईचं नाही, देवाचं नाही. त्याचं मला आजही नवल वाटतं.

तू आलास. हवालदार ओरडत होता, "मगन, रुक जा, इंजिनियर को बुलाया है," आणि तू ऐकलं नाहीस, कारण तुलाही दिसत होतं की इंजिनियर येईपर्यंत उजेड राहणार नाही आणि वारा पुन्हा सुटला आहे. माझ्या घासत चालण्याने रेतीत एक सलग चर पडला होता, नांगराच्या तासासारखा. तेवढी जागा तपासलेली, तिच्यावर मी जिवंत होतो. तू त्या चरात पावलापुढे पाऊल ठेवत आलास. "हालू नको. मी यी ऱ्हायनू." तुझा आवाज शेतात पाणी धरताना असतो तसा होता. मी त्या आवाजावर उभा होतो, पायांवर नाही.

परत फिरलो तेव्हा तू पुढे झालास, मी मागे. बाजूने जायला जागा नव्हती. मी तुझा पट्टा पाठीमागून धरला. अर्ध्याहून जास्त वाट आपण आलो. आणि मग चर संपला. संपला म्हणजे वाऱ्याने भरला. पुढे सगळी रेती एकसारखी, नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखी, आणि तिच्या पलीकडे गाडलेली तार.

तू थांबलास. मला आधी वाटलं, विचार करतो आहेस. मग पट्ट्यातून माझ्या हाताला कळलं, तू थरथरत होतास.

"मन्हा पाय उठस नही रे नथ्या."

हे मी कोणाला सांगितलं नाही. तू नको म्हणाला होतास.

मी काय काय केलं ते तुला तरी ऐकू आलं का, हे मी कधी विचारलं नाही. मी तुला कवायतीतले हुकूम दिले. तू हलला नाहीस. मी तुला विनोद सांगितला, मास्तरांच्या उलट्या सायकलीचा. माझ्याच कानाला तो रडल्यासारखा ऐकू आला. वारा वाढत होता, मागचा चरही आता पुसट दिसत होता. थोड्या वेळाने पुढेही नाही आणि मागेही नाही असं झालं असतं. आणि मला तुझा बैल आठवला. गाळात रुतला की तुझ्या बापाच्या गड्याने काठी उगारायची आणि तू ती हिसकावून घ्यायचास. बैलाच्या मागे जायचास, पाठीवर हात ठेवायचास आणि जीभ टाळूला लावून तो आवाज काढायचास. टक, टक. मारायचं नाही, ओढायचं नाही. मी इथे आहे, एवढंच त्याला कळू द्यायचं.

मी तो आवाज काढला. पहिल्यांदा निघालाच नाही, तोंड कोरडं ठाक. डब्यातलं पाणी तोंडात घेतलं. हो, तेच पाणी. मग निघाला. टक, टक. तुझा उजवा पाय उचलला गेला. मी श्वास धरला. पाय टेकला. काही झालं नाही. पुन्हा टक, टक. असं मी तुला त्या सारवलेल्या रेतीवरून हाकत आणलं, मगन, एकेका पावलाने, आणि प्रत्येक पावलाला मी मनात मेलो. पाऊल तुझं, अंदाज तुझा, पण उचलायला लावणारा मी. तू उडाला असतास तर तुला मीच उडवलं असतं.

बाहेर आलो. हवालदाराने मला थोबाडीत मारली आणि तुला मिठी मारली. सगळ्यांनी लांबून जे पाहिलं ते असं, की मगन पुढे आहे आणि नथू त्याचा पट्टा धरून लेकरासारखा मागे येतो आहे. तीच गोष्ट झाली. तू तंबूमागे जाऊन ओकलास आणि म्हणालास, "कोनले सांगू नको." मी म्हणालो, मी काय सांगणार, मी तर डबा घेऊन गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सुरुंग काढणारे आले. आपण ज्या पट्ट्यावरून आलो तिथे त्यांनी काय काढलं, हे मी विचारलं नाही. तू त्यांच्याशी बराच वेळ बोलत होतास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा मातीचा झाला होता. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मला झोप छान लागायची, आजही लागते. बायको म्हणते घोरण्याने कौलं हलतात. ते जे काही त्यांनी काढलं ते तू एकट्याने घरी आणलंस, आणि रोजच्या अंथरुणात घेऊन झोपलास. मला हे भाभींनी सांगितलं तेव्हा कळलं. तुझ्या स्वप्नात तुझं पाऊल चुकायचं आणि मागचा माणूस मरायचा.

मागचा माणूस मीच की.

गेल्या थंडीत आपल्या तेव्हाच्या कॅप्टनसाहेबांचा फोन आला तो तुझ्या ओट्यावर. त्यांना पलटणीचा लढाईतला इतिहास लिहायचा होता, आपल्या कंपनीचं आपण सांगायचं होतं. साहेब आता पार थकलेत, पण हुकमाचा आवाज तोच. म्हणाले, मगनने नथूला बाहेर काढलं ते ठळक लिहू. तू म्हणालास, "साहेब, उलटं लिखा." मी तुझ्या हातातून फोन घेतला, "रेंज नाही, साहेब" म्हणालो आणि बंद केला. तुझ्या गावात रेंज घराघरात आहे.

"फोन काबरं काटा?" तू विचारलंस.

"छापून आलं तर सोयऱ्यांत तोंड काय दाखवशील?"

"मन्ही सोयरीक व्हई गयी. आते कोन मोडस?"

मी म्हणालो, लोकांना ती गोष्ट तशीच आवडते.  त्यावर तू जे बोललास त्याने मला राग आला होता, आणि तो राग घेऊनच मी जीपमध्ये बसलो. तू म्हणालास, "नथ्या, तुले गधडा ऱ्हावानं आवडस. गधडाले कोनी पुढे चालाले सांगत नही."

हे भांडण अर्धंच राहिलं. मला उत्तर सुचलं नव्हतं, पुढच्या खेपेला घेऊन येणार होतो. अजूनही सुचलेलं नाही. तुझं खरं होतं, एवढंच सुचलं आहे, आणि ते ऐकायला तू थांबला नाहीस. कॅप्टनसाहेबांकडे आता हेच पाठवतो आहे, हा कागद, जसा आहे तसा. त्यांच्या इतिहासात बसला तर बसला. मगन घाबरला होता. घाबरून चालला. मला आत घ्यायला आला तेव्हाही घाबरलेलाच असणार, फक्त ते मला ऐकू येऊ दिलं नाही.

पण कागद पाठवणं सोपं. भाभींसमोर बसणं अवघड. त्यांनी विश्वास नाही ठेवला तर त्या उरलेलं आयुष्य त्या नसलेल्या माणसाला घाबरत काढणार. आणि विश्वास ठेवला तर त्यांना कळणार की त्यांच्या नवऱ्याच्या झोपेवर जन्मभर जो बसला होता तो त्यांच्याच चुलीशी बसून भाकरी खात होता. आणि याच्याही मागे एक भीती आहे, ती मी तुलाच सांगतो. तू गेलास त्या झोपेत, तेव्हा तू रेतीत होतास का? मी तुझ्या मागे होतो का? मला आवाज काढायला यायला नको होतं का?

काल तिसऱ्यांदा निघालो. धानोरा आलं तेव्हा डोळे मिटून घेतले.

दुपार होती. तुझा पोरगा किशोर केळीकडे गेलेला. भाभी पडवीत सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. एकही विनोद केला नाही. किती जड जातं ते तुला काय सांगू. डबा म्हणायची वेळ आली तेव्हाही नुसतं डबा म्हणालो. तुझी थरथर सांगितली, पाय उठत नव्हता ते सांगितलं. तुझा शब्द मोडतो आहे, असं मनात तुला म्हणतच होतो.

भाभींचा हात सुपात फिरत राहिला. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही मैतर शेतस. मैतर असंच बोलस."

"भाभी, खरं आहे."

"तुम्हनी कोनती गोट खरी व्हती आजपावत?"

 जन्मभर पेरलं ते उगवलं होतं. मी उठलो. दोन पावलं गेलो आणि परत वळलो, कारण मला आठवलं की हाकलं कसं ते मी सांगितलंच नव्हतं. तुला बैलासारखं हाकलं म्हणायची मला लाज वाटली होती.  जीभ टाळूला लावली आणि तो आवाज काढला. टक, टक.

भाभींचा हात थांबला.

"हाऊ आवाज तुमले कोनी सांगा?"

"सांगितला नाही कोणी. मीच काढला होता. त्याच्या पाठीमागून."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, की तू आधी ओरडायचास, रडायचास, आणि मग झोपेतच, डोळे मिटलेले, तो आवाज काढायचास. हळूहळू. आणि मग निवांत झोपायचास. "कोनले सांगं नही मी. पोऱ्यालेबी नही. लोक हासतीन, नींदमा बैल हाकलस म्हनतीन." पुढे विचारलं, "मंग तठे कोनीच मरनं नही?"

"कोणीच नाही, भाभी. स्वप्नात मी मरायचो. जागेपणी मी सायकली दुरुस्त करत होतो."

त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा या दारात नको असं सांगायला किशोरला फोन लावतील. बाहेर आल्या तेव्हा हातात एक लहान मातीची घागर होती, मुलांच्या खेळातली असावी एवढी. माझ्यासमोर ठेवली.

तुला ही घागर माहीत होती का? दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घराघरातून पितरांची घागर भरतात, तिच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, तशी तुमच्याकडेही भरली जायची. तिच्या शेजारी भाभी ही लहान घागर भरायच्या. तुला सांगितलं होतं की त्यांच्या एका निपुत्रिक काकाची आहे. काका-बिका नव्हता. ती त्या मेलेल्या माणसाची होती. "परमुलखना मानूस. त्याले कोन पानी दी?" भीतीने भरायच्या सुरुवातीला. मग सवयीने. मग, म्हणाल्या, घरच्यासारखाच वाटायला लागला.

मी त्या घागरीकडे बघत होतो आणि ती खरी कोणाची हे माझ्या ध्यानात आलं. भाभींच्याही तेच मनात आलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हंजे इतला वरीस मी तुमलेच पानी दिधं? जित्या मानूसले?"

आम्ही दोघंही घाबरलो. तू तिथे असतास तर तुलाही काही सुचलं नसतं.

"आते काय करू?" भाभी म्हणाल्या. "आखाजी यी ऱ्हायनी. औंदा त्यासनी घागर भरानी शे. ही भरू का नको?"

मी देव-धर्माची टिंगल करत म्हातारा झालेला माणूस, मगन. पण त्या बोटभर तोंडाच्या घागरीपुढे माझी टिंगल चालेना. भरली तर मी मेलेल्यांत. नाही भरली तर? एवढी वर्षं जे पाणी चालू होतं, ते बंद झाल्यावर काय होतं, हे कोणाला माहीत आहे?

"भरा," मी म्हणालो.

"जित्या मानूसनी घागर भरतस नही, भाऊ."

"भरत होतात तोवर मी मेलो नाही. बंद करून बघायची माझी हिंमत नाही."

भाभी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा, असं दारातून पाहणाऱ्या सुनेच्या चेहऱ्यावरून मला कळलं. हसता हसता रडल्या, पदराने डोळे पुसले, डाळीचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि एखाद्या किरकोळ कामाचं ठरवावं तसं म्हणाल्या, "मंग आखाजीले या तुम्ही. तुमनी घागर तुम्हीच पेवा."

येतो म्हणालो. तुझी मोठी घागर भरलेली असेल, तिच्यावर डांगर, आणि शेजारी बसून मी माझी पिणार. शर्टावर सांडेल, तुझी नातवंडं हसतील. मला फार भीती वाटते आहे, मगन. या वेळी धानोऱ्याला उतरणार नाही.

तुझा
नथू